कॉलेजच्या आइस हॉकी संघात कोण येते, कोण जाते, आणि का

मुले अमेरिकेत शिकायला गेली की तिथल्या विद्यापीठाचा संघ पुण्यातल्या घरातलाही होऊन जातो. आइस हॉकीविषयी आलेल्या पत्रांतून चार पत्रे या वेळी घेतली आहेत. वाचकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: माझी मुलगी मिनेसोटा विद्यापीठात एम.एस. करते. तिच्यामुळे मला तिथल्या पुरुषांच्या संघाची गोडी लागली असून शनिवारी सकाळी आम्ही फोनवर बोलत बोलत सामना पाहतो. संघाच्या यादीत पहिल्या वर्षाला असलेला खेळाडू वीस वर्षांचा कसा असतो, आणि काही नावांपुढे व्यावसायिक क्लबाचे नाव का असते, हे समजत नाही. इतके नावाजलेले खेळाडू मिळूनही संघ अंतिम सामना का हरतो, हेही सांगावे. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: आपल्याकडे बारावी झाली की मुलगा खेळाच्या कोट्यातून महाविद्यालयात जातो आणि त्याच वर्षी संघात येतो. आइस हॉकीत शाळा आणि महाविद्यालय यांच्यामध्ये आणखी एक टप्पा असतो, तो ज्युनियर लीगचा. अमेरिकेतील यूएसएचएल ही त्यांतली प्रमुख लीग असून तिच्यात साधारण सोळा ते वीस वर्षांची मुले खेळतात. घरापासून शेकडो मैल दूर, एखाद्या लहान शहरात, संघाने ठरवून दिलेल्या यजमान कुटुंबाकडे राहून ही मुले एक, दोन, कधी तीन हंगाम काढतात आणि अंगात पुरेसे बळ आले की विद्यापीठात प्रवेश घेतात. त्यामुळे एकाच वर्गात शिकणाऱ्या दोन खेळाडूंच्या वयात तीन वर्षांचे अंतर असू शकते. मॅकलिन सेलेब्रिनी सतराव्या वर्षी बोस्टन विद्यापीठाकडून खेळू लागला, 38 सामन्यांत त्याने 32 गोल केले आणि 2024 मध्ये कॉलेज हॉकीतील सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार मिळवणारा तो सर्वांत लहान खेळाडू ठरला. असा मुलगा अपवादात्मक असतो. बहुतेकांना ज्युनियर लीगमधली ती वर्षे खरोखरच लागतात.

व्यावसायिक क्लबाच्या नावाचा अर्थ असा की एनएचएल या अमेरिका-कॅनडातील प्रमुख व्यावसायिक लीगच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्या क्लबाने हा खेळाडू निवडून ठेवला आहे. ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात, 32 क्लब आळीपाळीने निवड करतात, आणि निवडलेल्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क काही वर्षे त्याच क्लबाकडे राहतो. करारावर सही करेपर्यंत खेळाडूला कॉलेजकडून खेळता येते. ओवेन पॉवर याला 2021 मध्ये बफेलो क्लबाने सर्वांत पहिला निवडले, तरीही तो पुढच्या हंगामासाठी मिशिगन विद्यापीठात परतला होता. क्लबालाही ही व्यवस्था सोयीची असते, कारण मुलाचे शिक्षण, व्यायाम आणि सराव यांचा भार विद्यापीठ उचलते. आठवड्यात बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी मिळून दोनच सामने असल्याने कसरतीला भरपूर वेळ मिळतो.

आपला तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. 8 एप्रिल 2023 रोजी टॅम्पा येथे झालेल्या अंतिम सामन्यात मिनेसोटा संघ क्विनिपिॲक या कनेक्टिकटमधील विद्यापीठाविरुद्ध 2-0 असा पुढे होता. मिनेसोटाकडे लोगन कूली होता, मॅथ्यू नाइस होता, आणि ड्राफ्टमध्ये निवडल्या गेलेल्यांची यादी प्रतिस्पर्ध्यापेक्षा कितीतरी भारी होती. क्विनिपिॲकने एक गोल फेडला आणि तीन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना गोलरक्षकाला बाहेर बोलावून एक जादा आक्रमक बर्फावर उतरवला. बरोबरी तिथेच झाली. जादा वेळ सुरू झाल्यावर अवघ्या दहा सेकंदांत जेकब क्विलन याने निर्णायक गोल केला आणि मिनेसोटाच्या खेळाडूंना विचार करायलाही फुरसत मिळाली नाही. विजेत्या संघात जाणत्या वयाचे, दोन-तीन हंगाम एकत्र खेळलेले आणि इतर महाविद्यालयांतून आलेले खेळाडू बरेच होते. मिशिगनचेही त्याआधीच्या वर्षी असेच झाले होते. 2021 च्या ड्राफ्टमधील पहिल्या पाचांपैकी चार जण त्या संघात होते, तरी 2022 च्या उपांत्य सामन्यात डेन्व्हरने त्यांना जादा वेळेत 3-2 असे हरवले आणि पुढे विजेतेपदही डेन्व्हरनेच घेतले. अठरा वर्षांच्या अलौकिक मुलापेक्षा तेवीस वर्षांचा कसलेला बचावपटू एप्रिलमध्ये अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत या खेळाकडे पाहून पक्के झाले आहे.

म्हणून यादी वाचताना गोलांचा रकाना थोडा बाजूला ठेवावा. जन्मवर्ष, शिक्षणाचे वर्ष आणि आधीचा संघ हे तीन रकाने अधिक बोलके असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे बचावपटू किती, पहिला गोलरक्षक पुढच्या वर्षी असणार का, मधल्या जागेवर खेळणारे किती जण एकाच वेळी बाहेर पडणार, हे पाहिले की पुढच्या हंगामाचा अंदाज बराचसा येतो. मिनेसोटाच्या यादीत गावांचा रकानाही पाहण्यासारखा आहे, कारण या विद्यापीठाने अनेक दशके जवळजवळ सगळे खेळाडू आपल्याच राज्यातील शाळांतून घेतले. ग्रँट पोटल्नी हा शेजारच्या नॉर्थ डकोटाचा खेळाडू या शतकाच्या सुरुवातीला संघात आला तेव्हा ती मोठी घटना मानली गेली होती, आणि 2002 च्या अंतिम सामन्यात मेन विद्यापीठाविरुद्ध जादा वेळेतला विजयी गोल त्यानेच केला.

प्रश्न: बोस्टनला असलेला माझा भाचा सांगतो की आता कॅनडातील मुले मोठ्या संख्येने अमेरिकी महाविद्यालयांत येत आहेत आणि जुने प्रेक्षक त्यावर नाराज आहेत. नेमके काय बदलले? खेळाडूंना पगार मिळू लागला, हे खरे आहे काय? (एक वाचिका, सहकारनगर)

उत्तर: आपल्या भाच्याचे म्हणणे बरोबर आहे. कॅनडात तीन प्रमुख ज्युनियर लीग असून त्यांच्या एकत्रित संस्थेला सीएचएल म्हणतात. तिथल्या खेळाडूंना थोडा भत्ता मिळतो, आणि एनएचएल क्लबाशी करार केलेली काही मुलेही त्यांच्यात खेळतात. यावरून अमेरिकेच्या महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी एनसीएए या लीगना व्यावसायिक समजत असे. परिणामी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना एकच वाट निवडावी लागे, आणि सीएचएलच्या बाजूने एकदा बर्फावर उतरले की कॉलेजचे दार बंद होत असे. सोळाव्या वर्षी केवळ दोन सराव सामने खेळलेल्या एका खेळाडूने ऑगस्ट 2024 मध्ये या नियमाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर 7 नोव्हेंबर 2024 रोजी एनसीएएच्या पहिल्या विभागाच्या, म्हणजे सर्वोच्च स्तराच्या, परिषदेने नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून सीएचएलच्या खेळाडूंना प्रवेश खुला झाला. व्यावसायिक करार केलेल्यांना मात्र तो अजूनही नाही.

याचा पहिला मोठा परिणाम जुलै 2025 मध्ये दिसला. सीएचएलमधील मेडिसिन हॅट संघाचा आक्रमक गॅव्हिन मकेना याने पेन स्टेट विद्यापीठाची निवड केली. पेन स्टेटचा संघ पहिल्या विभागात 2012 मध्ये आला. आपल्या पिढीतला सर्वांत नावाजलेला खेळाडू अशा तुलनेने नव्या संघात जातो, हे दहा वर्षांपूर्वी कोणाला पटले नसते.

पैशाबद्दलही बदल मोठा आहे. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या एका वेगळ्या दाव्यात न्यायालयाने जून 2025 मध्ये मंजूर केलेल्या तडजोडीनुसार, त्यात सहभागी असलेली विद्यापीठे आपल्या खेळाडूंना थेट रक्कम देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी सर्व खेळ मिळून तिची मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती. पूर्वी पुरुषांच्या आइस हॉकीला 18 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या अधिक मुलांत वाटल्या जात. आता तडजोडीतील विद्यापीठांना 26 खेळाडूंची मर्यादा असून त्यांतल्या प्रत्येकाला पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. हार्वर्ड, येल, कॉर्नेल यांसारखी आयव्ही लीगची विद्यापीठे मात्र आजही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत.

जुन्या प्रेक्षकांची नाराजी मी समजू शकतो, कारण एका जागेवर कॅनडातला वीस वर्षांचा खेळाडू आला की गावातल्या एका मुलाची संधी हुकते, आणि ज्या मुलाला दोन वर्षांपूर्वी शब्द दिलेला असतो त्याला आणखी एक वर्ष ज्युनियर लीगमध्ये काढ, असे सांगितले जाते. तरीही सोळाव्या वर्षी घेतलेल्या निर्णयामुळे मुलाचे उच्च शिक्षणाचे दार कायमचे बंद होणे अन्यायाचे होते, आणि तो नियम गेला याचा मला मनापासून आनंद आहे.

प्रश्न: मी मिशिगन विद्यापीठाचा माजी विद्यार्थी असून आता खडकीत राहतो. पुढील तीन वर्षांत संघात कोण येणार याच्या याद्या मी नियमितपणे वाचतो. त्यांतली कित्येक नावे प्रत्यक्षात येतच नाहीत. या याद्यांवर किती विश्वास ठेवावा? आवडलेल्या एखाद्या मुलाला ‘आमच्याकडे ये’ असा निरोप समाजमाध्यमावर पाठवणे योग्य आहे काय? (एक वाचक)

उत्तर: धनराज पिल्ले यांच्या खडकीतून आइस हॉकीवर इतके बारकाईचे पत्र यावे, हे वाचून बरे वाटले.

प्रशिक्षकांना दहावीत असलेल्या मुलाशी थेट संपर्क साधण्याची मुभा 1 जानेवारीपासून मिळते. तोंडी प्रस्ताव मात्र अकरावी सुरू होण्यापूर्वीच्या 1 ऑगस्टपासूनच देता येतो. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ‘अमुक खेळाडू कमिट झाला’ अशा बातम्यांची रीघ लागते. हा होकार तोंडी असतो आणि कोणत्याही बाजूला तो बांधील नसतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर बोलणी झालेली असतात, साखरपुडा अजून व्हायचा असतो. खेळाडू आणि विद्यापीठ यांच्यात आर्थिक साहाय्याचा लेखी करार झाला म्हणजे गोष्ट बरीचशी पक्की झाली असे समजावे. यादीतल्या नावाला मी त्यानंतरच वजन देतो.

तरीही आलेला खेळाडू टिकेलच असे नाही. लोगन कूली याने 2023 च्या उन्हाळ्यात आधी मिनेसोटाला परतणार असे जाहीर केले होते, आणि जुलैअखेर त्याने ॲरिझोनाच्या एनएचएल क्लबाशी करार केला. मॅथ्यू नाइस तर अंतिम सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी टोरांटोकडे गेला. दुसऱ्या बाजूने ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे महाविद्यालय बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी आहे. 2021 पासून हॉकीतील खेळाडूंनाही एक वर्ष बाहेर न बसता महाविद्यालय बदलता येऊ लागले आणि एप्रिल महिना प्रशिक्षकांसाठी राष्ट्रीय स्पर्धेच्या मार्चइतकाच धावपळीचा झाला. त्यामुळे वर्षातून तीनदा यादी नव्याने तपासावी: हंगाम संपल्यावर एप्रिलअखेर, ड्राफ्ट आणि क्लबांची शिबिरे झाल्यावर जुलैच्या मध्यावर, आणि वर्ग सुरू झाल्यावर सप्टेंबरमध्ये. तीन वर्षांनंतर येणाऱ्या मुलाची चर्चा वाचण्यात गैर काही नाही, पण आज तिसऱ्या फळीत खेळणारा, पेनल्टीच्या दोन मिनिटांत, संघात एक खेळाडू कमी असताना, पक (खेळाची रबरी चकती) अंगावर झेलणारा विद्यार्थी आपल्या कौतुकाचा पहिला हक्कदार आहे.

निरोपाविषयी माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. समोरचा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असतो, त्याच्यावर आधीच घर, शाळा, ज्युनियर संघ आणि सल्लागार यांचा ताण असतो, आणि अनोळखी प्रौढांचे शेकडो निरोप हे त्याच्या दृष्टीने ओझेच ठरते. विद्यापीठाच्या हितचिंतकांनी भावी खेळाडूला गळ घालणे एनसीएएच्या नियमांतही बसत नाही, आणि माजी विद्यार्थी म्हणून आपण देणगी देत असाल तर आपली गणना त्यांच्यात होऊ शकते. त्याने मन बदलून दुसरे विद्यापीठ निवडले तर त्याला बोल लावणे त्याहून वाईट.

प्रश्न: महिलांचा संघही असतो काय, आणि त्यांच्या निवडीत हाच गोंधळ असतो काय? माझी पुतणी मॅडिसनला शिकते. (एक वाचिका, निगडी)

उत्तर: मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचा महिला संघ देशातील सर्वांत यशस्वी संघ आहे. 2025 मध्ये त्याने आठवे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. ओहायो स्टेटविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात शेवटची वीस सेकंदेही उरली नसताना कर्स्टन सिम्स हिने पेनल्टी शॉटवर बरोबरी साधली आणि जादा वेळेत विजयी गोलही तिनेच केला. प्रशिक्षक मार्क जॉन्सन हे 1980 च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या, महाविद्यालयीन खेळाडूंच्या त्या अमेरिकी संघातले.

गोंधळ येथे बराच कमी असतो. सीएचएल मुलांचीच असल्याने त्या नियमबदलाचा येथे थेट संबंध नाही, आणि जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेली महिलांची व्यावसायिक लीग खेळाडूंना सहसा महाविद्यालयीन कारकीर्द पूर्ण झाल्यावरच घेते. पोर्टलमुळे काही जणी संघ बदलतात, पण पहिल्या वर्षी पाहिलेली खेळाडू चौथ्या वर्षी त्याच गणवेशात दिसण्याची शक्यता पुरुषांच्या संघापेक्षा पुष्कळ अधिक असते. खेळाडूची वाढ वर्षागणिक पाहायची असेल तर नवख्या प्रेक्षकाने महिला संघापासूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. पुतणीला सांगून यंदा पहिल्या वर्षाला असलेल्या दोन खेळाडूंची नावे मागवून घ्यावीत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवावे.