मुलाचं नाव ‘डिलन’ ठेवायचं आहे. हे संस्कृत आहे का? अर्थ काय? घरचे ऐकतील का?

संस्कृत नाही. ‘दिल’शीही काही नातं नाही. बाळांच्या नावांच्या साइटवर काय वाटेल ते छापतात. नाव वेल्श आहे, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या भाषेतलं. पहिला तुकडा ‘कडे’ या दिशेचा, दुसरा भरतीच्या पाण्याचा.

आमचा मुलगा वेल्समधल्या स्वान्सीत जन्मला, म्हणून हे नाव. डिलन थॉमस हा कवी त्याच गावात १९१४ साली जन्मला. वडील इंग्रजीचे मास्तर. त्यांनी ‘माबिनोगी’ या मध्ययुगीन वेल्श कथांमधून नाव काढलं. वेल्श उच्चार ‘डलन’. आईला धास्ती, की पोरं ‘डल’ म्हणून चिडवतील. कवी स्वतः पुढे ‘डिलन’च म्हणवून घ्यायचा. (बॉब डिलनने हे आडनाव १९६२ मध्ये कायदेशीर करून घेतलं, पण तो वेल्श नव्हे.)

बारसं सांगलीत केलं. ताई आत्या, कानात नाव तिनेच सांगायचं. पाळण्याशी वाकली, कुर्रर्र केलं आणि म्हणाली, ‘धीरज’. चाळीस माणसांसमोर! वर मलाच ऐकवलं, ‘‘डलन म्हण नाहीतर डिलन, शाळेत ढिल्याच होणार त्याचा.’’ म्हटलं, हीच भीती त्या कवीच्या आईला होती, तरी बिघडलं का काही? तर म्हणे, ‘‘त्या बाईचं ऐकायला हवं होतं.’’

मग मी चूक केली, ‘माबिनोगी’तल्या मूळ डिलनची कथा सांगितली. अरियनरॉदचा हा मुलगा नाव ठेवताच तडक समुद्राकडे गेला, माशासारखा पोहू लागला, त्याच्याखाली एकही लाट कधी फुटली नाही. इथवर ताई ऐकत होती. शेवट सांगितला, की तो मामाच्या, गोव्हाननच्या, घावाने मेला, आणि झालं! ‘‘मामाने मारलेल्या पोराचं नाव?’’ म्हटलं, कंस मामाच होता, म्हणून कृष्ण नाव ठेवायचं सोडलं का कुणी? ‘‘कृष्ण वाचला होता,’’ ताई म्हणाली. यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

तर नाव खुशाल ठेवा. समुद्राचं आहे, दोन अक्षरी नाही तरी सुटसुटीत आहे, आजीलाही म्हणता येतं. मराठीत ‘डिलन’च लिहा, ‘डलन’ लिहिलंत तर जन्मभर समजावत बसाल. आणि हो, ‘लाटेचा पुत्र’ असा अर्थ सगळीकडे देतात, तो नावाचा नव्हे. कथेत त्याला जोडलेल्या बिरुदाचा आहे. पत्रिकेत अक्षर कुठलं आलं ते तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही.

घरचे ऐकतील का, ते कसं सांगू? आत्याला मात्र आधी विचारा. मी विचारलं नव्हतं असं ताई अजून सगळ्यांना सांगते. विचारलं होतं. फोनवर, गणपतीच्या आदल्या दिवशी. ती मोदकांची पिठी दळून आणायला निघाली होती आणि ‘‘बरं बरं’’ म्हणाली होती.