बहिणीची किडनी घेतली तर किती वर्षं मिळतात?

तुम्ही विचारलंय, "बहीण किडनी द्यायला तयार आहे. ट्रान्सप्लांटनंतर माणूस साधारण किती वर्षं जगतो? पाच-सात वर्षंच मिळणार असतील तर त्यासाठी तिला जन्मभराचं अधू करून ठेवायचं का?"

पहिल्या भागाचं उत्तर तुमचे डॉक्टर माझ्यापेक्षा चांगलं देतील. मी लिहितेय ते दुसऱ्या भागासाठी. 2008 साली धाकट्या भावाला डावी किडनी दिली आणि "अधू झालीस" हे सासरी पोटभर ऐकून घेतलं.

अधूबिधू काही होत नाही. बरगडीखालचा व्रण अधूनमधून ओढतो, वर्षातून एकदा बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी कमी चालली की याचा आकडा चढतो) तपासायचं, दुखलं म्हणून मनाने पेनकिलर खायच्या नाहीत. एवढंच. उरलेली किडनी वाढीव काम अंगावर घेते. 1954 साली बोस्टनला जगातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट झालं, जुळ्या भावांचं. घेणारा रिचर्ड हेरिक आठेक वर्षं जगला, देणारा रोनाल्ड 2010 मध्ये 79 वर्षांचा होऊन गेला. हे मी आमच्या थोरल्या जाऊबाईंना ऐकवलं होतं, त्यांनी विषय बदलला.

धोका वाढत नाही असं मात्र बहिणीला सांगू नका. अमेरिकेतल्या दात्यांचा मोठा अभ्यास 2014 मध्ये छापून आला. त्यातला अंदाज असा, की दर 10,000 दात्यांत आयुष्यभरात 90 जणांची किडनी निकामी होते. तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्यांत 14 जणांची. आणि तपासण्या न करता सरसकट घेतलेल्या लोकांत 326 जणांची. म्हणजे गल्लीतल्या कुणाही माणसापेक्षा दाता सुरक्षित असतो, पण स्वतः होता तेवढा राहत नाही. हे तिला आधी कळू दे, मग तिला काय करायचं ते ती करेल. मला 2008 ला कळलं असतं तरी मी दिलीच असती.

आता वर्षं. अमेरिकेतल्याच नोंदींवरून काढलेला अंदाज आहे, की 2014 ते 2017 मध्ये जिवंत दात्याकडून बसवलेल्या किडन्यांपैकी निम्म्या साधारण 19 वर्षं टिकतील, मृत दात्याच्या निम्म्या पावणेबारा वर्षांच्या आसपास. हे किडनीचं आयुष्य झालं, माणसाचं वेगळं. किडनी थांबली तरी डायलिसिस असतं, दुसरं ट्रान्सप्लांट असतं. उलट किडनी ठणठणीत चालू असताना माणूस हार्ट अटॅकने जातो, असंही पुष्कळदा होतं. डायलिसिसवर थांबून राहण्याशी तुलना केलीत तर 1999 च्या एका गाजलेल्या अभ्यासात प्रतीक्षा यादीवरच राहिलेल्यांना पुढची सरासरी 10 वर्षं धरली होती आणि ट्रान्सप्लांट झालेल्यांना 20. तुमचं "पाच-सात" कुठून आलं कोण जाणे. बहुतेक कुठल्या तरी नातेवाइकाकडून.

पण तुम्हाला 19 च्या अलीकडे थांबायचंय की पलीकडे जायचंय, हे बरंचसं तुमच्या हातात आहे आणि त्यासाठीच मला माझ्या भावाचं सांगायचंय.

त्याला एकतिसाव्या वर्षी आयजीए नेफ्रोपॅथी निघाली, म्हणजे शरीरातल्याच अँटिबॉडी किडनीच्या गाळणीत साचून ती खराब होते तो आजार. आईला शुगर, वडील आधीच गेलेले, भावजयीचा रक्तगट जुळेना. राहिले मी. (आपल्याकडे हे असंच असतं. 1995 ते 2021 मध्ये देशात साडेछत्तीस हजारांवर अवयव प्रत्यारोपणं झाली, त्यातल्या 29 हजारांहून जास्त ठिकाणी घेणारे पुरुष होते. देणारं कोण ते तुम्हीच ओळखा.) नवऱ्याने काही न बोलता सही केली, हे त्याच्या नावावर जमा. ऑपरेशन पुण्यात झालं, आठवड्याभरात भावाचं क्रिएटिनिन 1.1 वर आलं, तो परत साखर कारखान्यावर कामाला लागला. वजनकाट्यावर क्लार्क. हंगामात तीन पाळ्या.

सुरुवातीची वर्षं झकास गेली. तो दर तपासणीनंतर रिपोर्ट पाठवायचा, मी आकडे वहीत उतरवून ठेवायचे. मग रिपोर्ट येणं लांबत गेलं. एकदा मी माझ्या वार्षिक तपासणीला गेले असताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "भाऊ हल्ली गावाकडेच दाखवतात का?" मी भावजयीला फोन लावला. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्हीच एकदा या."

गेले. फडताळात टॅक्रोलिमसच्या, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून जन्मभर घ्यायच्या गोळीच्या, न फोडलेल्या स्ट्रिप्स रचून ठेवलेल्या. संध्याकाळचा डोस त्याने बंदच केला होता. कारण ऐकाल तर हसाल, मला तेव्हा हसू आलं नाही. या गोळीने हात थरथरतात. काट्यावर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग, हा पावतीवर आकडा लिहितोय आणि पेन नाचतंय. कुणी तरी म्हणालं, "सायेब, सकाळी सकाळीच घेऊन आलाय जणू!" ज्याने आयुष्यात थेंबाला हात लावला नाही त्याला हे ऐकावं लागलं. त्याने संध्याकाळची गोळी सोडली, हात स्थिर झाला. तालुक्याच्या लॅबमध्ये क्रिएटिनिन केलं, 1.2. काही महिन्यांनी परत केलं, 1.2. झालं! अर्ध्या डोसवर भागतंय, डॉक्टर आणि कंपन्या मिळून लुटतायत, असा निष्कर्ष काढून साहेब मोकळे.

इथे नीट लक्ष द्या, कारण हेच तुम्हालाही वाटणार आहे. उशिराचं रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी परकी समजून नाकारणं, दुखत नाही. बहुतेक वेळा ताप नाही, लघवी कमी होत नाही. औषधाची रक्तातली पातळी घसरली की शरीर त्या किडनीविरुद्ध अँटिबॉडी तयार करायला लागतं, ते काम महिनोन्‌महिने गुपचूप चालतं आणि क्रिएटिनिन हलतं तेव्हा किडनीचा बराच भाग वाळून गेलेला असतो. मी त्याला ओढत पुण्याला नेलं तोवर 1.9 होतं, टॅक्रोलिमसची लेव्हल 3 च्या खाली. बायोप्सीत अँटिबॉडीमुळे झालेलं जुनाट रिजेक्शन. सलाइनमधून स्टिरॉइड दिले, आणखी महागडी औषधं झाली, पैसा गेला, घसरण 2.3 वर थांबली. खाली परत आलं नाही. येत नसतं.

थरथरीवर उपाय होता का? होता. डॉक्टरांना सांगितलं असतं तर डोस जमवून दिला असता, नाही तर दिवसातून एकदाच घ्यायची सावकाश विरघळणारी गोळी दिली असती. नंतर तेच केलं. एक फोन करायचा होता.

त्या रात्री आमचं जोरदार भांडण झालं. मी म्हटलं, माझी किडनी फडताळात ठेवलीस. तो म्हणाला, "ताई, तू दिलीस की उसनी दिलीस? दर तीन महिन्यांनी तुझा फोन. क्रिएटिनिन किती, लेव्हल किती. मी कसा आहे हे शेवटचं कधी विचारलंस?" मी म्हटलं, क्रिएटिनिन किती म्हणजेच कसा आहेस. आईने त्याची बाजू घेतली, एकदा दिलं की मागं वळून बघू नये म्हणाली. भावजय स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

हे भांडण अजून मिटलेलं नाही आणि माझं मत अजून तेच आहे. किडनी त्याची, मान्य. ती त्याच्या पोटात आहे, परत काढून घ्यायला मी जाणार नाही. पण जिने टेबलावर झोपून ती काढून दिली तिला आकडा विचारायचा अधिकार आहे. तुम्हाला बहिणीची किडनी हवी आणि बहिणीचा फोन नको असेल, तर मृत दात्याच्या यादीत नाव घाला, तिथून कुणाचा फोन येत नाही. आणि तिची घेणार असाल तर ऑपरेशनच्या आधीच ठरवून टाका, की दर रिपोर्ट तिला जाणार. तिने मागायच्या आधी. हे मी माझ्या भावालाही सांगितलंय, तो म्हणतो तू जगाला सांगत बस. तेच करतेय.

बाकीचं थोडक्यात. गोळ्या डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळेलाच, पाळी कुठलीही असो. ऑपरेशनचे पैसे एकदाच उभे करायचे असतात, गोळ्यांचे जन्मभर, त्यामुळे हिशेब गोळ्यांचा आधी करा. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर टॅक्रोलिमस चालू आहे हे तोंडातून पहिलं वाक्य म्हणून बाहेर पडलं पाहिजे. टीबीच्या रिफॅम्पिसिनने लेव्हल कोसळते, बुरशीवरच्या बऱ्याच गोळ्यांनी चढते. पपनस खाऊ नका. प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून कुणी गुळवेलीचा काढा पुढे केला तर त्याला हात जोडा. तुमच्या सगळ्या गोळ्या ती प्रतिकारशक्ती दाबून धरण्यासाठीच आहेत. आणि शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल यांच्याकडे किडनीइतकंच बघा, कारण वर म्हटलं तसं, दगा पुष्कळदा हृदय देतं.

हेही सांगायला हवं, नाही तर भावाने वाचलं तर म्हणेल अर्धंच लिहिलंस. उशिरा किडनी जाते ती प्रत्येक वेळी पेशंटच्या चुकीने जात नाही. मूळचा आयजीए नव्या किडनीतही परत येऊ शकतो. टॅक्रोलिमस स्वतःच वर्षानुवर्षं किडनीला थोडं थोडं खातं. सगळं वेळेवर घेऊनही काहींना अँटिबॉडी होतात. त्याच्या 2.3 मधलं किती त्याच्यामुळे आणि किती नशिबाने, ते बायोप्सीही टक्क्यांत सांगत नाही. तो आजही त्याच किडनीवर आहे, क्रिएटिनिन 2.6, डायलिसिस लागलेलं नाही. "बघ, तरी चालली," असं तो म्हणतो. मी म्हणते, नीट घेतली असतीस तर पंचवीस वर्षं चालली असती. तो म्हणतो, तुला काय माहीत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: घ्या. जुळत असेल आणि तिची सगळी तपासणी स्वच्छ निघाली असेल तर घ्या, आणि लवकर घ्या. डायलिसिसवर जितका काळ जातो तितका पुढच्या वर्षांना फटका बसतो. तुमचं डायलिसिस कधी सुरू झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. अजून सुरूच झालं नसेल तर डॉक्टरांना थेट विचारा, डायलिसिसच्या आधीच ट्रान्सप्लांट करता येईल का. विचारायला जाताना बहिणीला बरोबर न्या.