रोमन तलवार घेताना आधी मूठ पाहा

प्रश्न : काका, मी दारव्हा तालुक्यात राहतो, शाळेत इतिहास शिकवतो. संग्रहासाठी ग्लॅडियसची, म्हणजे रोमन शिपायाच्या आखूड तलवारीची, हाताने घडवलेली प्रतिकृती घ्यायची आहे. एक विक्रेता ७५ सेंटिमीटर पात्याची, पावणेदोन किलोची, चकचकीत स्टेनलेसची तलवार ‘पॉम्पेई नमुना’ म्हणून देतो आहे. घ्यावी का? आणि पावसाळ्यात गंज कसा टाळायचा?

उत्तर : नका घेऊ, सर. पॉम्पेई नमुन्याचं पातं साधारण ४५ ते ५० सेंटिमीटरचं. दोन्ही धारा समांतर, टोक आखूड, तिकोनी. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पॉम्पेई शहरावरून त्याला हे नाव पडलं. त्याआधीचा माइन्त्स नमुना मधे कमरेसारखा बारीक आणि टोकाला लांब. या माइन्त्स नमुन्यातली, रोमन सम्राटाच्या नावाची ‘टायबेरियसची तलवार’ ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रोमन शिपाई मोठ्या ढालीआडून जवळून भोसकायचा. त्यासाठी हाताला हलकी, किलोच्या आतबाहेरची तलवार लागते. पावणेदोन किलोचं धूड त्याच्या काय कामाचं?

बाप-आज्यापासून आमच्या घरी ऐरण आहे. विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा यांच्यातच माझा दिवस जातो, आणि हौशी लोकांसाठी अशा तलवारीही घडवतो. माझा पहिला डोळा मुठीवर जातो. पात्याची दांडी मुठीतून आरपार जाऊन वरच्या लाकडी गोळ्यावर ठोकून पसरवलेली असली पाहिजे. शोभेच्या तलवारीत बहुतेकदा बारीक रॉड वेल्डिंगने चिकटवलेला असतो. एक जोराचा झटका बसला की पातं सुटून उडतं, समोर लेकरू असलं तर? मूठ हाडाची किंवा लाकडाची, चार बोटं बसतील अशा खाचांची. मूठ आणि पातं यांच्यामधे आडवं लाकूड आणि त्याला पितळी पत्रा. पात्यासाठी आम्ही ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा वापरतो. तापवून तेलात बुडवायचा, मग पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवायचा, नाहीतर काचेसारखा तडकतो. रोमन लोहाराचं लोखंड इतकं एकसारखं नव्हतं, आजचा पाटा त्यापेक्षा चांगला. स्टेनलेस मात्र त्या काळात नव्हतंच.

गंजाचं सोपं आहे. हात लागला की पातं पुसा, शिलाई मशीनचं तेल पातळ लावा. घरातलं जवसाचं तेल पात्याला लावू नका, ते वाळून चिकट थर धरतं. मुठीच्या लाकडाला मात्र तेच उत्तम. आषाढ-श्रावणात तलवार चामड्याच्या म्यानात ठेवायची नाही. चामडं ओल धरून बसतं.

एक गोष्ट विसरू नका. नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. पैसे देण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या, आणि मिरवणुकीत तर अजिबात नेऊ नका.

आता त्या विक्रेत्याला मुठीच्या वरच्या टोकाचा जवळून काढलेला फोटो मागा. ठोकलेली दांडी दिसली नाही, किंवा फोटो द्यायला त्याने टाळाटाळ केली, तर दुसरा कारागीर शोधा.