एचटीएमएल शिकायला नोटपॅड पुरेल का व्हीएस कोड टाकू?

तुम्ही विचारलंय की एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, नुकतंच शिकायला घेतलंय, तर साधं नोटपॅड वापरू का व्हीएस कोडसारखा खास कोड लिहायचा एडिटर टाकू. मी म्हणेन पहिले आठ-दहा दिवस नोटपॅडच, नंतर बिनधास्त एडिटर.

नोटपॅडमध्ये प्रत्येक टॅग (पानाचा एकेक भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सांगणारी खूण) स्वतः उघडायचा आणि आठवणीने स्वतःच बंद करायचा, त्यामुळे कशाच्या आत काय आहे हे डोक्यात पक्कं बसतं. व्हीएस कोडमध्ये एमेट, म्हणजे छोट्या खुणेवरून पूर्ण कोड टाकून देणारी सोय, आधीपासूनच असतं, उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबला की पानाचा अख्खा सांगाडा तयार, सोय भारीच आहे पण त्यातली एकही ओळ तुम्ही लिहिलेली नसते आणि मग ती कशाला आहे हे विचारायचं राहूनच जातं.

पण नोटपॅडमध्येच अडकून राहू नका. माझी एकदा अख्खी संध्याकाळ गेली कारण मेनूतली पहिली लिंक पानावर दिसेचना. शेवटी सापडलं, एचरेफमधल्या (लिंक कुठे न्यायची ते जिथे लिहितात) पत्त्यानंतरचं अवतरणचिन्ह टाकायचंच राहिलं होतं, मग ब्राउझर पुढचं अवतरणचिन्ह येईपर्यंत सगळं पत्ताच समजत गेला आणि लिंकचं नाव त्यातच गडप. ब्राउझर एरर देत नाही हो, एचटीएमएलमधल्या चुका तो आपल्या परीने सावरून घेतो. तीच फाइल एडिटरमध्ये उघडली, तो कोडच्या भागांना वेगवेगळे रंग देतो, तर पत्त्याचा रंग पुढच्या ओळीपर्यंत पसरलेला, बघताक्षणी कळलं. (एक्सएमएल, म्हणजे माहिती मांडायची अशीच टॅगवाली भाषा, लिहिणार असाल तर पहिल्या दिवसापासून एडिटरच घ्या, तिथे एक टॅग बंद करायचा राहिला तरी ती वाचणारा प्रोग्राम पुढे जातच नाही.)

मराठी मजकूर टाकणार असाल तर सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आहे ना बघा. २०१९ पासून विंडोज १० च्या नोटपॅडमध्ये ते आपोआप असतं, त्याआधीच्यात एएनएसआय ही जुनी पद्धत असायची आणि तसंच सेव्ह केलं की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं. आणि फाइलच्या नावाला शेवटी टीएक्सटी चिकटू नये म्हणून टाइपमध्ये ऑल फाइल्स निवडा. वर्डमध्ये मात्र कोड अजिबात लिहू नका, ते अवतरणचिन्हं वळणदार करून टाकतं आणि ती एचटीएमएलला चालत नाहीत.

मशीन जुनं असेल तर नोटपॅड प्लस प्लस घ्या, हलकं आहे, फुकट आहे आणि रंग त्यातही दिसतात. व्हीएस कोड टाकलात तर सुरुवातीला सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटो क्लोजिंग टॅग्ज बंद करा, म्हणजे रंगांची मदत मिळेल आणि टॅग बंद करायची सवयही सुटणार नाही.