तिला उगाच कशाला घोर?

श्रावण सरत आला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. गणपतीला सगळे गावच्या घरी जमणार असतात आणि घरात एक बातमी दाबून ठेवलेली असते. कोणाचा आजार, कोणाची गेलेली नोकरी, कोणाचा मोडत आलेला संसार. लांब राहणाऱ्याला ती आधी कळवायची, घरी आल्यावर सांगायची, की विसर्जन होईपर्यंत गप्प बसायचं? आणि विचारणारा बहुतेक वेळा स्वतःच पुढे म्हणतो, "लांब आहे ना ती. उगाच कशाला जिवाला घोर?"

एका कुटुंबाचा अनुभव सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मेधा न्यू जर्सीत राहते, माहेर कुडाळजवळ. आषाढात तिच्या वडिलांना, नानांना, छातीत दुखायला लागलं. ठाण्याचा दादा रातोरात गावी पोचला, नानांना गोव्याला नेलं, अँजिओप्लास्टी झाली. मेधाला कोणी काही कळवलं नाही. रोजचा व्हिडिओ कॉल मात्र चुकला नाही. अँजिओप्लास्टी मनगटातून केली होती, हात काळानिळा पडला होता, म्हणून घरात कायम गंजीवर बसणारे नाना तेवढ्या दिवसांत कॉलवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, बटणं लावून बसायचे. मेधाने विचारलंही होतं, "नाना, कुठे निघालात का?"

मग एका रात्री अकरा वाजता, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेआठला, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डोंबिवलीच्या चुलतभावाचा मेसेज आला: "नाना, स्टेंट बसल्यावर आता कसं वाटतंय?" दोन मिनिटांत तो डिलीट झाला. तोवर मेधाने वाचला होता. तिने लगेच आईला फोन लावला. आई म्हणाली, "काय नाय गो, बरे आसत."

माझ्याशी पहिल्यांदा बोलली तेव्हा तिचा प्रश्न होता, "गणपतीला जाऊ की नको? गेले तर दादाशी भांडण होणार, तेही सगळ्यांसमोर." पण बोलता बोलता जे बाहेर आलं ते भांडणापेक्षा गंभीर होतं. नानांच्या आजाराचा धक्का ओसरला होता. आईच्या शब्दावरचा विश्वास मात्र उडाला होता. आई "सगळं ठीक आहे" म्हणाली की मेधाच्या पोटात गोळा यायचा. नाना व्हॉट्सॲपवर शेवटचे कधी दिसले ते ती दिवसातून कितीदा तरी बघायची. घरचा कुठलाही फोटो आला की मोठा करून नानांचे पाय सुजलेत का, टेबलावर औषधं कसली आहेत, हे शोधायची. ज्या घोरापासून तिला वाचवायचं होतं तो तिला रोज लागून राहिला होता. खरी बातमी कळली असती तर त्या बातमीला आकार असता: एक ब्लॉकेज, एक स्टेंट, अमुक गोळ्या. न सांगितलेल्या बातमीला काही सीमाच नसते.

पुढच्या सत्राला दादाही ऑनलाइन बसला, बहिणीच्या आग्रहामुळे. बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग म्हणाला, "तिला सांगून काय होणार होतं? ती तिकडे रडणार. मी नानांना बघू, विम्याचे कागद बघू, की तिला सावरू?" मेधाचं बाळ तेव्हा चार महिन्यांचं. आजी गेली तेव्हा ती धावत निघाली होती आणि तरी पोचली नव्हती, हेही त्याच्या डोक्यात होतं. त्या बोलण्यात मला कुठेही दुष्टावा दिसला नाही. एकट्याने ओझं उचलणारी माणसं पुष्कळदा असाच हिशेब करतात, आणि लांबच्या भावंडाने आधी तो समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

शेवटी दादाच म्हणाला, "आणि नानांनीच सांगितलं होतं, मेधाक कळवू नको."

बातमी नानांची होती. त्यांनी नको म्हटलं यावर सगळे थांबले, पण का नको हे कोणी विचारलं नव्हतं. दादाने त्या आठवड्यात विचारलं. नानांना लेकीची काळजी होतीच. पण मुख्य भीती अशी की मेधाला कळलं तर ती डॉक्टरांशी बोलणार, आणि यंदा पूजेला तुम्ही बसायचं नाही, दादा बसेल, असं ठरवून टाकणार. नानांना मूर्तीसमोर स्वतः बसायचं होतं. एवढंच. ते आधी कळलं असतं तर पहिल्याच दिवशी म्हणता आलं असतं: "नाना, पूजेला तुम्हीच बसा, पण मेधाला सांगूया."

कॅन्सरच्या रुग्णांना वाईट बातमी कशी सांगावी यासाठी २००० साली डॉक्टरांकरिता 'स्पाइक्स' नावाची सहा टप्प्यांची पद्धत मांडली गेली. त्यात प्रत्यक्ष माहिती देण्याआधीचा टप्पा असा की समोरच्याला किती जाणून घ्यायचंय ते त्यालाच विचारायचं. घरातही मी हेच सुचवते: लांबच्या माणसाला बरं असतानाच विचारून ठेवा. मेधाचं उत्तर स्पष्ट होतं, "रात्री दोनला झालं तरी दोनला सांगा. फक्त मी बाळाला घेऊन एकटी असेन तर आधी नवऱ्याला उठवा."

आपल्याकडे वाईट बातमीला रीत होती. वर 'श्री' नसलेलं, कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड हातात आलं की वाचण्याआधीच माणूस सावध व्हायचा. तार आली की शेजारचे जमायचे. तारसेवा २०१३ साली बंद झाली. त्याआधीच फोनने तिची जागा घेतली होती. आता बातमी ग्रुपवर मोदकांच्या फोटोंच्या मधोमध येऊन पडते आणि सख्ख्या लेकीला चुलत चुलत्यांबरोबरच कळते. म्हणून या घराने ठरवलं की पहिला फोन दादाचा, ग्रुप नंतर. फोनवर पहिलं वाक्य सावध करणारं, दुसरं आत्ताच्या स्थितीचं: "मेधा, बस जरा. नानांबद्दल बोलायचंय. ते शुद्धीत आहेत, बोलतायत." मेधाकडूनही एक कबुली घेतली. पहिल्या फोनवर सल्ला द्यायचा नाही, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का" विचारायचं नाही. दादाला काय हवंय ते विचारायचं.

इथे सुतकाचा विषय निघतोच. भावकीत कोणी गेलं तर त्या घरी गणपती बसत नाही, म्हणून कधी कधी बातमी मुद्दाम विसर्जनापर्यंत रोखून धरतात. कळेपर्यंत सुतक लागत नाही अशी समजूत आहे. मी या श्रद्धेला हात लावत नाही. लांबच्या भावकीतल्यांपुरतं ते ज्याने त्याने ठरवावं. पण गेलेल्या माणसाची मुलगी, बहीण, भाऊ यांना अंधारात ठेवून आरत्या म्हणायला लावू नका. अशी माणसं माझ्याकडे वर्षांनंतर येतात, आणि तेव्हा त्यांचा राग गेलेल्या माणसाच्या दुःखापेक्षा मोठा झालेला असतो.

सांगायला उशीर करण्याची कारणं असतात. माणूस गाडी चालवत असतो, सकाळी परीक्षा असते. असं थांबणं तासांचं असावं, आणि कोण, कधी सांगणार हे तेव्हाच ठरलेलं असावं. घटस्फोट, नोकरी, गर्भपात यांचं वेगळं: ती ज्याची त्याची बातमी, जमलेल्या गोतावळ्याला तिचा हक्क नाही. "सध्या त्यावर बोलत नाहीये" एवढं पुरतं.

मेधा गणपतीला आली. तिचं आणि दादाचं बोलणं माजघरात होऊ द्यायचं नाही, एवढं आम्ही आधी ठरवलं होतं. माटवीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधायच्या चौकटीचं, सामान आणायला दोघं कुडाळच्या बाजारात गेली आणि जे बोलायचं ते गाडीत बोलली. मेधा रडली, दादा चिडला, दोघं उशिरा परतली. नाना पूजेला बसले; आरतीला मात्र खुर्ची ठेवली होती. गौरीच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत आत्येने विचारलंच, "तुका कोणी सांगूक नाय मा गो?" मेधाने उत्तर तयार ठेवलं होतं: "आता कळलंय आत्ये. दादाने एकट्याने सगळं निभावलं." दादा वाढणं तसंच ठेवून पडवीत गेला. थोड्या वेळाने वहिनी त्याला बोलवायला गेली.

माघात नानांच्या छातीत पुन्हा जड झालं. दादाने गाडीत बसतानाच मेधाला फोन केला, ठरलेल्या दोन वाक्यांनी. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या ठीक निघाल्या, पित्त होतं. मेधा त्या रात्री जागी राहिली, आणि जागी राहायचं कारण तिला माहीत होतं. फोटो मोठा करून बघायची सवय अजून पूर्ण सुटलेली नाही. महिन्यातून एकदा आम्ही त्यावर बोलतो. आई अजूनही "बरे आसत" म्हणते. हल्ली मेधा तिला पुढचा प्रश्न विचारते, "बीपी किती आलं?" आणि आई वही उघडून आकडा वाचून दाखवते.