माप घे, पण क्यूनंच

भाऊ, पूल खेळताना दोन बॉलमधून पांढरा, म्हणजे आपण मारतो तो बॉल, निघेल का हे पाहायला तू तिथं तिसरा बॉल धरून बघतो, ते पहिले बंद कर. बॉल रचायचा ट्रँगल मापायला नाही, काठावर निशाणी म्हणून खडू ठेवणंही नाही. माप फक्त क्यूनं, म्हणजे खेळायच्या काठीनं, अन् क्यू हातातच हवा.

बॉल सव्वादोन इंचाचा असतो. तेवढं अंतर नजरेत बसव. क्यू फटीच्या बोटभर वर आडवा धर. नवीन पोरं इथंच फसतात: वाकताना शर्टाची बाही पांढऱ्याला लागली तरी फाऊल!



एकदा मोजलं की मार. कापसाचे पैसे आले की आपल्याकडं एका टेबलामागं दहा जण नंबर लावून असतात बाप्पा. अन् समोरचा नेम धरत असताना त्याच्या पॉकेटपाशी उभा राहू नको.