आधी तुझं पान, मग इंजिन

सांगली, सोमवार रात्री

अगं,

तुझ्या बुद्धिबळाच्या नऊ डावांच्या लिंका मिळाल्या. प्रत्येक डावाखाली इंजिनने (खेळ्या तपासणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमने) काढलेले अ‍ॅक्युरसीचे टक्के, वरखाली जाणारा आलेख, चांगल्या खेळ्या किती आणि ब्लंडर, म्हणजे घोडचुका, किती, सगळं आहे. आणि शेवटी तुझा प्रश्न: ‘मॅडम, ९२ टक्के येऊनही रेटिंग हलत नाही, मग माझ्यात टॅलेंटच कमी आहे का?’ टॅलेंटचं मला विचारू नकोस, त्यावर मी आजवर कुणालाच उत्तर दिलेलं नाही. पण त्या नऊ लिंकांमध्ये मला एक गोष्ट कुठेच सापडली नाही, ती म्हणजे तू. कुठल्या खेळीला तुझ्या मनात काय चाललं होतं, कशाची धास्ती वाटली, काय बघायचं राहून गेलं, याचा एक शब्द नाही.

सहावा डाव घे. दोघींकडे एकेक हत्ती, तुझ्याकडे एच पट्टीवरचं एक जास्तीचं प्यादं, आणि समोरचीचा राजा तुझ्या हत्तीने मधल्या पट्ट्यांवर अडवून धरलेला. ४६व्या खेळीनंतर तुझ्या घड्याळात २६ मिनिटं होती. स्कोअरशीटच्या फोटोत ते दिसतंय, कारण खेळीसमोर वेळ लिहायची सवय तू निदान सोडलेली नाहीस. ४७व्या खेळीला तू हत्तीला हत्ती दिलास. त्यानंतरही घड्याळात २६ मिनिटंच. म्हणजे खेळीमागे जे ३० सेकंद वाढून मिळतात तेवढाच वेळ तू या खेळीला दिलास, त्याहून एक मिनिटही जास्त नाही. हत्ती गेल्याबरोबर समोरचीचा राजा मोकळा झाला, कोपऱ्यात जाऊन बसला आणि डाव बरोबरीत सुटला. कडेचं प्यादं आणि त्याच्यासमोर कोपऱ्यात राजा, म्हणजे बरोबरी. हे तूच मागच्या उन्हाळी शिबिरात आठ-नऊ वर्षांच्या पोरांना फळ्यावर शिकवलं होतंस. मी मागे बसून ऐकत होते. छान शिकवलं होतंस.

आता मला सांग, यात तुला काय येत नव्हतं? इंजिनने त्या खेळीपुढे दोन लाल प्रश्नचिन्हं टाकली, तू ती बघितलीस आणि सातव्या डावाकडे गेलीस. खेळी चुकली एवढं इंजिनला कळतं. जे तुला झोपेतही येतं ते त्या अर्ध्या मिनिटात का आठवलं नाही, हे कुठल्याही इंजिनला कळणार नाही. ते फक्त तुला सांगता येईल, आणि तेही फार तर त्या रात्रीपर्यंत. दुसऱ्या दिवशी तुला इंजिनची ओळ आठवेल, स्वतःचा विचार आठवणार नाही. म्हणून मी इतकी वर्षं एकच घोषा लावून बसले आहे: डाव संपला की त्याच दिवशी, इंजिन उघडण्याआधी, हाताने लिहायचं.

मी तुझ्या स्कोअरशीटवरच्या वेळा एका कागदावर उतरवून काढल्या. तिसऱ्या डावात तू वरचढ झालीस आणि तिथून पुढे तुझा खेळीमागचा वेळ निम्म्याहून खाली आला. आठव्यातही तेच. उलट स्थिती वाईट असली की तू एकेका खेळीला पंधरा-वीस मिनिटं देतेस आणि सुंदर खेळतेस. हे का होतं, याचा माझा एक अंदाज आहे, पण तो मी तुला सांगणार नाही. मी सांगितलं की तू ‘हो मॅडम’ म्हणशील, वहीत ते माझं वाक्य उतरवशील आणि तुझं स्वतःचं कारण कायमचं राहून जाईल. तू लिही. चुकीचं लिहिलंस तरी चालेल.

तू म्हणतेस, ‘मला माहीत असतं मी काय विचार केला ते, लिहायची काय गरज?’ नाही, तुला माहीत नसतं. कुणालाच नसतं. २००८ साली बिलालिच, मॅक्लिऑड आणि गोबे या तिघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी चांगल्या खेळाडूंना एक स्थिती दिली होती. तिच्यात घोड्याने मात द्यायची, सगळ्यांना पाठ असलेली पाच खेळ्यांची युक्ती होती, आणि तीन खेळ्यांत संपणारी, जरा वेगळी अशी दुसरी मातही होती. खेळाडूंना ओळखीची युक्ती लगेच दिसली. याहून जवळचा रस्ता शोधा म्हटल्यावर ते शोधू लागले, आणि आपण दुसरे मार्ग तपासतोय असं त्यांनी सांगितलं. पण त्यांचे डोळे पटावर कुठे फिरतात हे यंत्राने टिपलं जात होतं, आणि डोळे पुन्हा पुन्हा त्या पहिल्या युक्तीच्याच घरांवर जात होते. ते खोटं बोलत नव्हते. आपण शोधतोय असं त्यांना खरोखरच वाटत होतं! एवढ्या तयारीच्या माणसांना स्वतःचा विचार तो चालू असताना कळत नाही, तर तो तुला दोन दिवसांनी बसमध्ये आठवून कळेल होय?

यंत्र नसताना उपाय एकच, विचाराला कागदावर पकडायचं. डी ग्रूट नावाचे डच मानसशास्त्रज्ञ होते, ते स्वतः बुद्धिबळाचं ऑलिम्पियाड खेळलेले. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे त्यांनी अलेखाइन, केरेस यांच्यासारख्या दिग्गजांपुढे पट मांडला आणि विचार करताना मोठ्याने बोलायला सांगितलं. मोठे खेळाडू कितीतरी खेळ्या पुढचं बघत असतील असं सगळे धरून चालले होते. पण किती पुढचं बघतात या बाबतीत त्यांच्यात आणि चांगल्या क्लब-खेळाडूंत तसा मोठा फरक निघाला नाही. फरक होता तो कुठे बघायचं हे कळण्यात. आणि तू मला विचारतेस, ‘मॅडम, कॅल्क्युलेशन वाढवायला कुठलं अ‍ॅप घेऊ?’

सोव्हिएत जगज्जेता बोटविन्निक, त्याचं नाव तू ऐकलं आहेस, त्याचे डाव मात्र तू बघितलेले नाहीत हे मला माहीत आहे. १९६०मध्ये तालने त्याला जगज्जेतेपदाच्या सामन्यात साफ हरवलं. वय पन्नाशीकडे झुकलेलं, समोर तेविशीतला झंझावात. वर्षभराने परतीच्या सामन्यात त्याने तालला १३-८ असं हरवून मुकुट परत घेतला. त्या वर्षात त्याने जे केलं ते आयुष्यभर करत आला होता: स्वतःच्या डावांची चिरफाड करायची, ती लिहायची आणि छापून लोकांपुढे ठेवायची, म्हणजे खोट काढणारे काढतील. सिगारेटच्या धुराने आपलं लक्ष उडतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून सरावाच्या डावांत तो सरावातला जोडीदार रागोझिन याला समोर बसवून मुद्दाम धूर सोडायला लावायचा. मला त्याच्या खेळ्यांपेक्षा या गोष्टीचं जास्त वाटतं. स्वतःबद्दलची एक नेमकी गोष्ट त्याने हेरली आणि तिच्यावर काम केलं. ‘माझी एकाग्रता कमी आहे’ असं म्हणून तो रडत बसला नाही.

इथेच तुझं बिनसतंय. तू स्वतःकडे बघत नाहीस असं मी म्हणत नाही. रात्रभर बघतेस, आईने सांगितलं मला. पण तू जे करतेस ते पोळलेल्या जागी पुन्हा पुन्हा बोट लावणं आहे. ‘मी मूर्ख आहे’, ‘मी एंडगेममध्ये कच्ची आहे’, ‘मला प्रेशर झेपत नाही’. या शिव्या झाल्या. यातल्या एकाही वाक्यावर उद्या सकाळी उठून काही करता येत नाही. माझ्या वहीत असलं वाक्य मी चालवून घेत नाही. वाक्यात खेळीचा नंबर पाहिजे, घड्याळ पाहिजे, आणि त्या क्षणी डोक्यात काय होतं ते पाहिजे. ‘४७वी खेळी, २६ मिनिटं. हत्ती गेले की सोपं होईल असं वाटलं. तिचा राजा कुठे जाईल हे बघितलंच नाही. शेजारच्या पटावरचा डाव संपला होता.’ असं काहीतरी. मी हे मनाने रचलंय, तुझं वेगळं असेल. पण असं वाक्य हाती आलं की त्यावर काम करता येतं.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण तू मला हट्टी म्हणतेस आणि हट्ट कुठून आला ते तुला माहीत नाही. या गावात नूतन बुद्धिबळ मंडळ होतं, ते चालवणारे भाऊसाहेब पडसलगीकर होते. आमच्या आधी आणि आमच्याबरोबर इथून मोठमोठ्या मुली घडल्या. भाग्यश्री साठेंनी पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. मी त्या पंगतीतली नव्हते, पण राज्यपातळीवर बऱ्यापैकी खेळत होते. तेव्हाच्या स्कोअरशीट माझ्याकडे ट्रंकेत आहेत, कडा पिवळ्या पडलेल्या, पेन्सिलीचं अक्षर पुसट झालेलं. खेळ्या सगळ्या वाचता येतात. त्यांत ओळीने असे डाव आहेत, की माझ्यापेक्षा नाव असलेल्या खेळाडूविरुद्ध माझी स्थिती चांगली आहे आणि मी बरोबरीचा प्रस्ताव देऊन उठले आहे. का उठले? नाव बघून घाबरले? दमले होते? परतीची एसटी चुकेल म्हणून? आज त्या डावांसमोर बसले तरी मला सांगता येत नाही. आम्हाला खेळ्या लिहायला शिकवलं होतं, कारण लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे बँकेत लागले, लग्न झालं, स्पर्धा सुटल्या. हरलेल्या डावांचं मला आज काहीच वाटत नाही. त्या सोडून दिलेल्या डावांचं वाटतं, आणि त्याहून जास्त याचं, की तिथे पटासमोर बसलेली ती मुलगी मला आता भेटणारच नाही.

म्हणून लिही म्हणते. इंजिनआधी लिही.

राहिला तुझा घाईचा हिशेब. अठरा पूर्ण होतील ते वर्ष संपेपर्यंत के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) ४०, मग २०, म्हणजे आत्ताच मिळतील तेवढ्या स्पर्धा खेळून रेटिंग चढवायचं. हिशेब बरोबर आहे. पण ४० जसा चढवताना असतो तसाच उतरवतानाही असतो, आणि त्याच चुका घेऊन महिन्याला दोन स्पर्धा खेळलीस तर काय होतं ते तू या नऊ डावांत पाहिलंस. दिव्या देशमुख २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकून थेट ग्रँडमास्टर झाली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, हे तू मला तीन वेळा लिहिलं आहेस. मला तिचा तुझ्याइतकाच आनंद आहे. पण तिच्या वयाचं कॅलेंडर तुझ्या भिंतीवर लावून तुला काय मिळणार? नील चार्नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली शेकडो खेळाडूंचा हिशेब मांडला, तेव्हा रेटिंगशी सगळ्यात घट्ट नातं निघालं ते एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाच्या तासांचं. स्पर्धा त्याच्यामागे. स्पर्धा खेळू नकोस असं मी म्हणत नाही. खेळलेल्या नऊ डावांतला एकही न वाचता दहावा मांडू नकोस, एवढंच.

माझ्याबद्दल काय बोललं जातं तेही मला ठाऊक आहे. ‘मॅडम जुन्या वळणाच्या, पोरांना लॅपटॉप उघडू देत नाहीत.’ एका पालकांनी याच कारणावरून मुलाला माझ्याकडून काढून दुसरीकडे घातलं. जाताना म्हणाले, जग कुठे चाललंय आणि तुम्ही वह्या भरून घेताय. मी इंजिनच्या विरोधात नाही. माझ्या घरी आहे, रोज वापरते, आणि ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांची, तयारी त्याच्याशिवाय करणं वेडेपणा आहे. पण इंजिनचं उत्तर आधी बघितलं की आपला विचार काय होता ते शोधायची इच्छाच मरते, हे मी मुलांमागून मुलांत बघितलंय. हुशार मुलांत तर जास्तच. त्यांना उत्तर चटकन पटतं आणि ‘हां, हे मला दिसलंच होतं’ असं त्यांना मनापासून वाटू लागतं. तुझं तेच झालंय. या एका बाबतीत मी मागे हटणार नाही. माझ्याकडे राहायचं तर पान लिहायचं.

आता कामाचं. सहावा डाव पटावर मांड, फोनवर नको, लाकडी पटावर. फक्त स्कोअरशीट समोर ठेव. एवढे दिवस गेलेत, त्यामुळे पुष्कळसं निसटलं असेल. जिथे आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असंच लिही, बनवून लिहू नकोस, मला कळतं. जिथे खेळीला दहा मिनिटांहून जास्त गेली ती प्रत्येक जागा, आणि जिथे अर्ध्या मिनिटात खेळलीस पण स्थिती बदलली ती प्रत्येक जागा, या दोन्हींवर थांब. दुसऱ्या दिवशी त्याच पानाखाली स्वतःच्या डोक्याने पर्याय काढ. तिसऱ्या दिवशी इंजिन लाव आणि त्याचं उत्तर वेगळ्या शाईने लिही, म्हणजे तुझं कुठलं आणि त्याचं कुठलं ते वेगळं दिसत राहील. मग तिसरा आणि आठवा डाव. बाकीचे सहा राहू देत.

पुढच्या महिन्यातल्या कोल्हापूरच्या स्पर्धेला मी येणार आहे, आईला सांगून ठेव, डबा माझाही आण म्हणावं. हॉलबाहेर मी असेन. पण राउंड संपल्यावर धावत येऊन ‘मॅडम, तिथे उंट घेतला असता तर?’ असं विचारू नकोस, मी उत्तर देणार नाही. आधी कोपऱ्यात बसून पान भर, मग ये. जिंकलीस तरी.

तुझी,
मॅडम